लोदी उद्यानातील शेजार

बदलीच्या गावी माणसाची ओळख घरापेक्षा रस्त्यांशी आधी जमते. सरकारी निवासस्थानाच्या भिंतीत खिळा ठोकतानाही आमचा हात अडखळतो. उद्या ती भिंत दुसऱ्या कोणाची व्हायची! रस्ता मात्र चालणाऱ्याचा. दिल्लीत आमचा असा हक्काचा फेरफटका म्हणजे कचेरी सुटल्यावरचा, लोदी उद्यानातला.

लोदी मार्गाकडून आत शिरले की प्रथम दिसते ती सय्यद सुलतान मुहम्मदशहाची अष्टकोनी कबर, १४४४ च्या सुमाराची. पुढे बडा गुंबद. त्याला लागून असलेली मशीद १४९४ ची. समोरच्या शीश गुंबदावर निळ्या फरशांचे उरलेसुरले तुकडे मावळतीच्या उन्हात अजून चमकतात. आत थडगी आहेत, नावे नाहीत. दरबारातले कोणी मोठे मानकरीच असावेत ते. आमच्या दारावरची नावाची पाटी आठवते आणि आमचे आम्हांलाच हसू येते.

याच उद्यानाला खेटून इंडिया इंटरनॅशनल सेंटरची वास्तू उभी आहे. तिचे उद्घाटन १९६२ साली झाले. तिचे स्थापत्यकार जोसेफ ॲलन स्टाइन हे १९५२ साली अमेरिकेहून भारतात आले आणि पुढे कित्येक दशके येथेच काम करीत राहिले. परमुलखातून आलेल्या या गृहस्थांनी शेजारधर्म किती नेमका ओळखला! त्यांची इमारत घुमटांशी उंचीची स्पर्धा करीत नाही. ती दगडाच्या भिंती, जाळ्या आणि झाडांची सावली घेऊन नम्रपणे बसली आहे. ती घुमटांची नक्कलही करीत नाही. आपल्या काळाची भाषा ती बोलते, पण हलक्या आवाजात. साडेचार शतकांचे अंतर असूनही हा शेजार संध्याकाळच्या उजेडात मुळीच खटकत नाही.

प्रत्येक नव्या वास्तूचे भाग्य मात्र असे नसते. प्रगती मैदानातील ‘हॉल ऑफ नेशन्स’ राज रेवल यांनी महेंद्र राज या अभियंत्यांच्या साथीने १९७२ साली उभारला. पोलादाची टंचाई, म्हणून एवढा विशाल सांगाडा काँक्रीटचा, कामगारांच्या हातांनी ओतलेला. स्वातंत्र्याच्या पंचविशीचे ते अभिमानचिन्ह एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. प्राचीन स्मारकांसंबंधीचा १९५८ चा केंद्रीय कायदा किमान १०० वर्षांचे वय मागतो. या वास्तूचे वय होते अवघे ४५.

वाचकहो, इमारती कुदळीने पडतात हे खरे, पण त्याआधी त्या एखाद्या टिपणीत पडलेल्या असतात. अशा टिपण्या आपल्यासारख्यांच्याच मेजांवरून पुढे सरकतात. म्हणून वाटते, कचेरीतल्या माणसाने संध्याकाळी थोडे चालावे आणि नव्या भिंतींकडेही जुन्या घुमटांइतकेच निरखून पाहावे. शंभरी गाठायची तर वास्तूला आधी पंचेचाळिसावे वर्ष सुखरूप ओलांडता आले पाहिजे. बडा गुंबदही एके काळी नवाच होता.