देवाला आले, लेकाकडे उतरले

देहूच्या पंचक्रोशीत पाहुणे येतात ते तिथी पाहून, आणि यजमानाला सुट्टी मिळते ती वार पाहून. दोन्हींचा मेळ क्वचित बसतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी पूर्वापार गुरुवारची. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार नेमून दिले गेले, त्यात इथल्या वाट्याला गुरुवार आला. तुकाराम बीज मात्र फाल्गुन वद्य द्वितीयेलाच येणार. २०२५ साली ती १६ मार्चला आली, रविवारी. तुकोबांच्या वैकुंठगमनाचं ते ३७५वं वर्ष. भर दुपारी बारा वाजता गोपाळपुऱ्यातल्या नांदुरकीच्या झाडाखाली हजारो माना वर झाल्या, पानं कधी थरथरतात ते पाहायला. त्याच वेळी तळवडे, चिखली, भोसरीच्या कितीतरी शेडमध्ये पहिली पाळी चालू होती. झाडाखाली कुणाची आई उभी होती आणि मशीनवर तिचाच मुलगा.

घर सोडून कामाच्या गावी राहणाऱ्या माणसाकडे घरची माणसं चार दिवस राहायला येतात, ही गोष्ट जगभर घडते. देहूत तिला वेगळा रंग चढतो, कारण इथे पोट भरण्याचं ठिकाण आणि दर्शनाचं ठिकाण एकाच बसथांब्यावर उतरतं.

हे सगळं सत्तर वर्षांत जमून आलं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पाठोपाठ टेल्को, बजाज अशी मोठी नावं चिंचवड-आकुर्डीत आली. त्या पहिल्या पिढीत सातारा, सांगली, सोलापूरची माणसं पुष्कळ. नंतर कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकले. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना तिथे सुरू झाला, मर्सिडीज-बेंझही त्याच साली पिंपरीहून चाकणला गेली. एकेका मोठ्या कारखान्यामागे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांची रांग लागली. आता आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुलं लातूर, नांदेड, बीड, परभणी, बुलढाणा, यवतमाळकडून येतात, शिवाय बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून. देहूची माळवाडी, विठ्ठलवाडी, नदीपलीकडची येलवाडी, पुढे म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी इथे शेतांच्या जागी खोल्यांच्या लाईनी उभ्या राहिल्या. अशा प्रत्येक लाईनीत वर्षातून एकदा-दोनदा कुणा ना कुणाचे आईवडील पिशव्या घेऊन उतरतात.

त्यांच्या येण्याला एक ठरलेलं कारण असतं. "देवाला आलो होतो, म्हटलं जाता जाता तुला बघून जावं." हे वाक्य थोड्याफार फरकाने प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर उच्चारलं जातं. त्यात खोटं काहीच नसतं, दर्शनाची ओढ खरीच असते. पण मुलगा जेवतो काय, झोपतो कुठे, त्याच्या बोटांना काही लागलं तर नाही ना, हे डोळ्यांनी पाहायचं असतं आणि ते तोंडाने सांगता येत नाही. सांगितलं तर मुलाला वाटणार, आपल्यावर विश्वास नाही. मुलालाही "आई, ये ना" म्हणणं जड जातं, कारण खोली दाखवण्यासारखी नसते. मग दोघांच्या वतीने तुकोबा बोलावणं धाडतात. गावात शेजाऱ्यांना सांगायलाही ते बरं दिसतं. पोराची काळजी वाटली म्हणून गेले, यापेक्षा बीजेला गेले, हे मानाचं.

अलीकडे हे येणं स्वस्तही झालं आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. या दोन निर्णयांनी घराघरांतलं प्रवासाचं गणित बदललं. एरवी वडील एकटे यायचे, आई जनावरांपाशी थांबायची. आता आई निघते, सोबत जाऊबाईला घेते, आणि आजोबा तर फुकटच म्हणून हट्टाने येतात. वल्लभनगरच्या स्थानकात पहाटे उतरलेल्या या मंडळींची गाठोडी पाहिली की जिल्हा ओळखता येतो. सोलापूरकडच्यांकडे शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी, खानदेशातल्यांकडे कळण्याचं पीठ आणि बिबड्या, लातूरकडच्यांकडे धपाटे आणि नव्या ज्वारीचं पीठ. इथे पीठ मिळत नाही अशातला भाग नाही. पण गिरणीवर आपल्या ज्वारीत दुसऱ्याचं काय मिसळेल याचा भरवसा नसतो, असं आईचं म्हणणं. दानापूरहून रेल्वेने येणाऱ्या आईच्या पिशवीत सत्तू आणि ठेकुआ निघतो. तिचे दिवसही वेगळे, ती कार्तिकात छठला येते आणि मोशीच्या इंद्रायणी घाटावर उभी राहते. नदी तीच.

खोली साधारण दहा बाय बाराची. वर पत्रा, दाराशी पाण्याचं निळं पिंप, संडास-बाथरूम लाईनीत सामाईक. भाडं परवडावं म्हणून तिघे-चौघे एकत्र राहतात आणि पाळ्या वेगळ्या असल्यामुळे अंथरुणं पुरतात: पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच गादीवर पडतो. आईवडील आले की ही सगळी घडी विस्कटते. रूम पार्टनर न सांगता उठतात, शेजारच्या खोलीत गर्दी करून झोपतात. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण ती मोडलेली ऐकिवात नाही. कारण उद्या आपलीही आई येणार आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. फक्त रात्रपाळी करून आलेल्या मुलाला दिवसा झोपायला जागा लागतेच. मग ती आई तांदळाचं ताट घेऊन बाहेर पायरीवर बसते, खिडकीला आपलं लुगडं अडकवून आत अंधार करते आणि लाईनीतल्या पोरांना हातानेच खुणावते, हळू बोला. झोपलेला मुलगा तिचा नसतो. तो उठल्यावर त्याचं नाव, गाव, आडनाव, बहिणीचं लग्न झालं की नाही, सगळं विचारून होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा डबाही भरला जातो.

चार दिवसांत त्या खोलीत पहिल्यांदा फोडणीचा वास येतो. एरवी मेसचा डबा. आई पहिल्या दिवशी भांडी घासते, दुसऱ्या दिवशी गावातून पोळपाट-लाटणं आणवते, तिसऱ्या दिवशी देवासाठी कोनाडा शोधते. खोलीत कोनाडा नसतोच, मग फ्यूजच्या डबीवर तुकोबांचा फोटो बसतो. वडिलांना करायला काही नसतं. शेतात राबलेल्या माणसाला खोलीतला रिकामा दिवस सोसत नाही. ते सकाळीच देवळाकडे निघतात, शिळा मंदिरात बसतात, घाटावर नदी पाहतात. दुपारी परतताना दुकानदाराशी खताच्या भावावर बोलून येतात.

आणि मुलगा? तो कामावर असतो. इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवसाची पगारी रजा मिळत असे. ठेकेदाराकडे लागलेल्या मुलाचे रजेसाठी लागणारे दिवस भरूच दिले जात नाहीत, त्याआधीच 'ब्रेक' दिला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू होते. त्याच्या हाती रजा म्हणून काही उरत नाही. खाडा केला की पैसे कापले जातात, दोन खाडे केले तर हजेरीचा बोनसही जातो. म्हणून आई आली असतानाही तो गेटवर वेळेत हजर असतो. ओव्हरटाइम मिळाला तर तोही करतो, कारण या चार दिवसांत खर्च वाढलेला असतो. देहूत वारकऱ्यासाठी धर्मशाळा आहेत, भक्तनिवास आहेत, पालखीच्या दिवसांत पाण्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं उभं राहतं, आणि ते उत्तम होतं. ज्यांच्या कष्टावर हा पट्टा उभा आहे त्यांना घरची माणसं आल्यावर दोन दिवस पगारी सुट्टी मिळावी, असं मात्र कोणत्याही पाटीवर लिहिलेलं दिसत नाही. ते लिहिलं जायला हवं. मोठ्या कंपन्यांना हे अवघड नाही.

देहूत पाहुण्याला जागा मिळणं पूर्वीही सोपं नव्हतं. संत बहिणाबाईंचा जन्म वैजापूरकडच्या देवगावचा, १६२८च्या सुमाराचा. म्हणजे त्याही मराठवाड्याच्याच. कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला गेलं, आणि तिथून तुकोबांच्या ओढीने बहिणाबाई नवऱ्यासह देहूला आल्या. सोबत त्यांची लाडकी कपिला गाय होती. या परक्या कुटुंबाला देहूतल्या मंबाजी गोसाव्याने किती छळलं, गाईला कसं मारलं आणि तिचे वळ तुकोबांच्या पाठीवर कसे उमटले, हे बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितलं आहे. बाहेरगावाहून आलेल्या बाईने देहूत बिऱ्हाड मांडताना काय सोसलं, याची इतकी जुनी आणि इतकी रोखठोक नोंद दुसऱ्या कुणाची सापडणं कठीण.

गुरुवार उजाडला की खरी सुट्टी सुरू होते. सकाळी गाथा मंदिर, तिथे भिंतीवर कोरलेले अभंग वडील बोट ठेवून वाचतात. मग भंडारा डोंगर. जमलं तर दुपारी पिंपरीहून मेट्रो, कारण गावात सांगायला ती हवीच. मार्च २०२२ मध्ये ती पहिल्यांदा फुगेवाडीपर्यंत धावली, आता थेट स्वारगेटपर्यंत जाते. पूर्वी पावसाळ्यात कुणी इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याचं नाव काढायचं, आता ते नाव काढताच आवाज बसतो. १५ जून २०२५ ला, रविवारी, तिथला जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जणांचे जीव गेले. पाहुण्यांना जवळपास काहीतरी दाखवावं, एवढ्याच इच्छेने लोक अशा जागी जातात. त्या जागा धड ठेवणं हे पाहुणचाराचंच काम आहे, आणि ते एकट्या यजमानाच्या हातचं नाही.

वडिलांना या सगळ्यापेक्षा वेगळंच पाहायचं असतं: कंपनी. आत सोडत नाहीत हे मुलगा सांगून दमतो. शेवटी दोघे मोटारसायकलवरून गेटसमोर जातात, रस्त्याच्या पलीकडे थांबतात. वडील चिमणी शोधतात, चिमणी नसतेच. निळा पत्रा, झेंडे, सुरक्षारक्षक, रांगेत उभे कंटेनर. परतताना चाकणच्या तळेगाव चौकातल्या गर्दीत एक नवी कोरी गाडी शेजारी येऊन थांबते आणि मुलगा म्हणतो, "बाबा, हिच्या दाराचं बिजागर आमच्याकडे होतं." सिग्नल सुटेपर्यंत वडील त्या दाराकडे पाहत राहतात. पुढे गावी कुणाच्याही दारात ती गाडी उभी दिसली की ते दार उघडून बघतात, असं मुलांकडून ऐकायला मिळतं.

याच गोष्टीची दुसरी बाजू निगडीच्या प्राधिकरणात भेटते. जुन्या कंपन्यांतून निवृत्त झालेली माणसं तिथे टुमदार बंगल्यांत राहतात, मुलं जर्मनीत नाहीतर अमेरिकेत. शेंगेन व्हिसावर एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस, अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर बहुधा सहा महिने, अशी त्यांची मुक्कामाची मुदत परके देश ठरवतात. तिथेही मुलगा-सून सकाळी कामावर जातात आणि आई दिवसभर खिडकीतून अनोळखी रस्ता पाहते. उलट दिशेने, इथल्या जर्मन कंपन्यांत आलेल्या अभियंत्यांकडे डिसेंबरात त्यांची माणसं येतात. अशाच कुटुंबांच्या मुलांसाठी १९९८ साली पुण्यात मर्सिडीज-बेंझच्या नावाने आंतरराष्ट्रीय शाळा निघाली होती. एकाला घर, गाडी, शाळा मिळाली, दुसऱ्याला पत्र्याची खोली. आईला दिवसभर वाट पाहायला लावण्याची खंत मात्र दोघांच्या बोलण्यात सारखीच असते.

देहूच्या देवळाची कथाही येण्याजाण्याचीच आहे. तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबुवा नेमाने पंढरीची वारी करत. परंपरा सांगते की पुढे विठ्ठलानेच स्वप्नात येऊन सांगितलं, आता मी तुझ्या गावी आलो आहे, आणि आंब्याच्या बनात मूर्ती सापडली. भक्ताला जाणं जड होतं, तेव्हा देव निघाला. गावाहून आलेल्या बायका ही कथा कीर्तनात ऐकतात तेव्हा मान डोलावतात. त्यांना त्यात नवल वाटत नाही.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी हलते. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केलेली ही परंपरा. पहिला मुक्काम देहूतच, इनामदारवाड्यात. दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. ज्याच्या गावची दिंडी या सोहळ्यात असते, त्या मुलाकडे त्या दिवसांत आईबरोबर आळीच येते. २०२५ साली प्रस्थान १८ जूनला झालं आणि आकुर्डीचा मुक्काम १९ जूनला पडला. तो गुरुवार होता. लाईनीतल्या मुलांनी त्या दिवशी काय केलं नसेल! कुणी दोन टाक्या पाणी आणलं, कुणी मेसवाल्याला गाठून पिठलं-भाकरी सांगितली, एकेका बोर्डावर पाच-सहा मोबाइल चार्जिंगला लागले. गावची म्हातारी माणसं मुलांना "तू कुणाचा रे?" असं विचारत होती आणि मुलं आजोबांच्या नावापासून सांगत होती.

शुक्रवारी पालखी पुण्याकडे निघाली, आणि पहिल्या पाळीची बसही चुकवून चालणार नव्हती. मुलं पहाटेच आयांना दिंडीच्या ट्रककडे सोडायला गेली. तिथली बोलणी नेहमीचीच असतात. बीपीची गोळी सकाळची की रात्रीची, ती कुठल्या कप्प्यात आहे, रोटी घाट चढताना घाई करू नको, पायाला फोड आला तर फोडू नको. आई सगळ्याला हो म्हणते आणि डब्यात उरलेली भाकरी कुणाकुणाला द्यायची ते सांगते.