पिकते तेथे

पिकते तेथे विकत नाही ही म्हण ज्या कोणा शहाण्या पुरुषाने प्रथम उच्चारली तो समुद्रकाठचा खासच नसावा, असा संशय मला अलीकडे येऊ लागला आहे. आणि संशय एकदा आला म्हणजे त्याची रीतसर चौकशी केल्याशिवाय, दोन्ही पक्षांच्या जबान्या घेतल्याशिवाय आणि बहुधा शेवटी निकाल राखून ठेवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही अशांपैकी मी एक असल्यामुळे, मालवणच्या बाजारातून, बंदरावरून आणि तारकर्लीच्या रस्त्याने फिरताना ही चार शब्दांची म्हण सारखी माझ्या मागे मागे येत असते.

कारण रस्त्याच्या दुतर्फा पाट्या आहेत. ‘घरगुती मालवणी जेवण’, ‘अस्सल मालवणी’, ‘समुद्रकिनारी निवास व न्याहारी’. काही रंगवलेल्या, काही छापील, काही माडाच्या खोडाला खिळ्याने ठोकलेल्या, आणि एकीवर तर सुरमईच्या डोक्यावर चक्क फेटा बांधला आहे. या पाट्यांखाली जे विकले जाते ते सारे येथेच पिकलेले: बांगडा येथला, नारळ येथला, सोलकढीतले कोकम येथले, खळ्यात खाटेवर पडून अंगावर घ्यावयाचा वारा येथला, आणि सूर्यास्तही येथलाच. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून विभक्त होऊन सिंधुदुर्ग हा जिल्हा जन्मास आला आणि १९९७ साली सरकारने त्याला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केले. सोळाव्या वर्षी आपण प्रेक्षणीय आहोत हे एखाद्याला सरकारी ठरावाने कळावे, तशातलाच हा प्रकार. तेव्हापासून पिकणे आणि विकणे यांतले अंतर या किनाऱ्यावर इतके कमी झाले आहे की, मघाच्या शहाण्या पुरुषाला येथे आणून उभा केला असता त्याने आपली म्हण मुकाट्याने मागे घेतली असती.

परंतु तेवढ्यावर प्रकरण दाखल दफ्तर होत नाही.

आमच्या लहानपणी मालवणात राहून मालवणातल्याच हॉटेलात जेवावयास जाणे ही कल्पना कोणाच्या डोक्यात येत नसे. हॉटेल असावयाचे ते कचेरीच्या आसऱ्याने किंवा बंदराच्या आसऱ्याने. कोर्टाची तारीख, फेरफाराचा दाखला किंवा शेतसाऱ्याची तक्रार घेऊन खेड्यापाड्यांतून आलेला पक्षकार तेथे उसळ-पाव खाऊन मामलेदार कचेरीची पायरी चढे. आणि आगबोटीच्या दिवसांत, म्हणजे बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावांतून धक्क्याला आणीत असत त्या दिवसांत, खारट वाऱ्याने वाळलेल्या ओठांना पहिला चहा तेथेच लागे. हॉटेल हे परस्थांसाठी, ही वहिवाट इतकी पक्की होती की, एकदा सायंकाळी तोंडाला भज्यांचा वास घेऊन मी घरी आलो तेव्हा आईने रागावण्याऐवजी नुसते विचारले, “घरात चूल पेटाक नाय काय रे?” त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण चूल पेटलेली होती आणि तिच्यावर कुळथाची पिठी रटरटत होती.

आता वार्धक्यात मी ही वहिवाट मोडली आहे. आज या खानावळीत, मग बंदराजवळच्या त्या मंडपवजा उपाहारगृहात, कधी चिवल्याच्या वाळूला टेकलेल्या टेबलाशी असा मी जाऊन बसतो आणि मागवलेल्या पदार्थांपेक्षा मागवणाऱ्यांकडेच अधिक पाहतो. अशाच एका ठिकाणी वाढपी मुलाने, जो त्याच्या बोलीवरून दूरच्या मुलखातला दिसत होता, मला अदबीने विचारले, “कुठून आलात काका?” मी म्हटले, “भरडावरून.” मालवणातलेच भरड हे घाटावरचे एखादे गाव असावे अशा समजुतीने त्याने मान डोलावली, आणि सोलकढी म्हणजे काय, ती जेवणाच्या शेवटी का प्यावयाची आणि पित्ताला ती कशी उपकारक, हे मला सविस्तर समजावून सांगितले. त्याने सांगितलेले सर्व बरोबर होते. मी लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि आणखी एक वाटी मागवली.

तर म्हण. तिच्या बाजूने पुरावा नाही असे नव्हे. देवगडचा हापूस घ्या. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्याच्या जन्मस्थानाची कायदेशीर नोंद झाली. परंतु पहिल्या प्रतीचे फळ पेटीत बसून वाशीच्या बाजाराचा रस्ता धरते, आणि ज्याच्या बागेत ते पिकते त्याच्या घरात डागी आंबा आणि रायवळाचा रस यांवर मे महिना साजरा होतो. येथे म्हण खरी ठरते. पण लगेच शिरोडा आठवते. तेथील आगरांत मीठ पिकत होते, आणि मे १९३० मध्ये ते मूठभर उचलण्यासाठी सत्याग्रह्यांना लाठ्या खाव्या लागल्या. कारण पिकते तेथे विकणे तर राहोच, पिकते तेथून उचलण्याचाही अधिकार रयतेला नव्हता. म्हणीने या शक्यतेचा विचारच केलेला नाही. आणि रापणीचे काय? किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात जाळे टाकून दोन्ही टोकांचे दोर माणसांनी ओढावयाचे, आणि आलेली मासळी वाट्यांनी वाटून घ्यावयाची, ही आमच्या गाबीत मच्छीमारांची जुनी रीत. तिच्यात दोराला आयता हात लावणाऱ्या वाटसरूच्या पदरातही कढीपुरते मासे पडत. तेथे पिकत होते, पण विकण्याच्या आधी वाटले जात होते. आता रापण ओढताना दिसली की पर्यटक धावत येतात, हौसेने दोर धरतात, छायाचित्र निघते, दोर सुटतो. मासे मात्र ते मागत नाहीत. ते हॉटेलात जाऊन विकत घेतात. या व्यवहारात कोण कोणाला काय देतो, हे मला अद्याप नीटसे उलगडलेले नाही.

बंदरावर लिलाव चालतो तेथेही मी जाऊन उभा राहतो. ओल्या वाळूवर सुरमया ओळीने मांडलेल्या असतात, त्यांच्या निळसर पाठीवर वाळूचे कण चिकटलेले. पुकारा करणारा आकडे इतक्या भरभर म्हणतो की अनभ्यस्त कानाला तो मंत्रघोष वाटावा, आणि बोली कोणावर तुटली हे एखाद्या भुवईच्या हालचालीवरून ठरते. मोठी सुरमई आणि पापलेट बर्फाच्या खोक्यात जातात, खोका टेम्पोत जातो, टेम्पो गोव्याकडे किंवा मुंबईकडे. मागे राहतात ती बांगड्यांची आणि पेडव्यांची पाटी, आणि पाटीमागे बसलेली बाई वाटे लावता लावता म्हणते, “काकानू, घेवा, ताजे आसत.” येथला माणूस वाटा घेतो. येथे आलेला माणूस सुरमईची थाळी घेतो, आणि तिचा दर मुंबईच्या मागणीवर ठरलेला असतो.

मुंबईचे नाव निघाले आणि माझी चौकशी भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचली. कारण मालवणी जेवण पैसे देऊन खाण्याची वस्तू प्रथम झाली ती मालवणात नव्हेच. ती झाली लालबाग-परळच्या चाळींत. गावी बायकापोरे ठेवून गिरणीत कामाला गेलेला चाकरमानी गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकी आणि जेवावयास खानावळवालीकडे जाई. एखाद्याच लहानशा खोलीत ती बाई पाळीच्या भोंग्यावर नजर ठेवून माणसांच्या पंक्ती उठवी, दोन वेळचे जेवण घाली आणि हिशेब पगाराच्या दिवशी वसूल करी. तो वसूल होईपर्यंत किराणा मात्र उधारीचा आणि उधारी सावकाराची. या बायकांना बँकेचे दार दाखवण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कोठे त्यांच्या कष्टाला व्यवसाय म्हणण्याची पद्धत पडली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि पगारच नाही तेथे खानावळीचा महिना कोठून येणार?

याच ठिकाणी मी अडतो, आणि आपण कशाविषयी लिहावयास बसलो होतो याचेही मला फारसे भान उरत नाही. एक बाई मालवणात नवऱ्याच्या मनीऑर्डरीची वाट पाहात पिठी ढवळीत होती. तिच्या हाताला चव होती, मोल नव्हते. दुसरी, कदाचित तिचीच बहीण, परळला त्याच नवऱ्याला तीच पिठी पैसे घेऊन वाढीत होती. पदार्थ एक, मसाला एक, जेवणारा एक. केवळ चूल येथून तेथे सरकल्याबरोबर तिला किंमत आली. म्हणजे विकली गेली ती पिठी नव्हेच, विकले गेले अंतर. माणूस घरापासून जितका दूर, तितका घरच्या जेवणाचा दर चढा. नंतर हीच खानावळ काचेची दारे लावून मुंबईत ‘मालवणी हॉटेल’ झाली, आणि पर्यटनाच्या लाटेबरोबर आपले नाव, पाटी आणि थाळी घेऊन मालवणात उतरली. म्हणून आमच्या रस्त्यावर जे ‘अस्सल’ म्हणून मिळते ते मुंबईला जाऊन नाव कमावून आलेले असते, असे म्हणण्याचा मला मोह होतो.

पण मोहाला दाद देण्यापूर्वी ताटाकडे पाहावे. कोंबडीच्या रश्श्याला जो लाल रंग आहे तो बेडगी आणि संकेश्वरी मिरचीचा, आणि या मिरच्या घाटावरून येतात. मिरचीच मुळात आली पोर्तुगीजांच्या जहाजांतून. काजूचे झाडही त्यांनीच ब्राझीलहून आणले. आमच्या परसातले म्हणावे असे त्या मसाल्यात पडते ते माशाच्या कढीतले तिरफळ, आणि तेही पुष्कळांना जिभेला झिणझिण्या येतात म्हणून नको असते. पिकते तेथे विकत नाही म्हणताना ‘पिकते तेथे’ म्हणजे नेमके कोठे, याचा सातबारा कोणी काढावा?

अंतराचा सिद्धांतही माझ्यापुरता टिकला नाही. विकले जाते ते अंतर, असे म्हणावे तर मी स्वतः त्या टेबलाशी बसून रोख पैसे मोजले ते कोणत्या अंतराचे? भरडापासून बंदरापर्यंतचे अंतर पायी उरकण्याजोगे आहे. यावर एखादा तत्त्वज्ञ म्हणेल की, तुमची आई गेली आणि चूल थंडावली हेच ते अंतर. उत्तर सुबक आहे, परंतु सुबक उत्तरांवर माझा विश्वास उरलेला नाही, आणि शिवाय घरी गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक नित्य होतो व तो उत्तम होतो. मला हॉटेलातले वडे आवडले, एवढीच वस्तुस्थिती असण्याचाही संभव आहे. ते वडे आतल्या बाजूला बसून दोन बायका थापीत होत्या, एक केळीच्या पानावर आणि दुसरी तळहातावर. पाटीवर मात्र घरातल्या मुलाचे नाव होते. हे मला आवडले नाही, ते येथे नमूद करून ठेवतो.

जेवणाखेरीज इतर प्रेक्षणीय स्थळांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रॉक गार्डनच्या खडकांवर सायंकाळी गर्दी असते आणि सूर्य तिच्याकडे लक्ष न देता बुडतो. तारकर्लीला समुद्राच्या तळाशी जाऊन पोवळी पाहण्याची सोय आहे; माझ्या वयाला पृष्ठभाग पुरतो. मोरयाचा धोंडा, जेथे २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजीमहाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा केली असे मानतात, तो पाहण्यासाठी मालवणकर जातो बहुधा मुंबईचा पाहुणा आला म्हणजेच. धामापूरला मात्र थोडे थांबावेसे वाटते. १५३० सालचा तो तलाव, काठाला भगवतीचे देऊळ, आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. बांधणाऱ्यांना भातशेती भिजवावयाची होती, कोणाचे मनोरंजन करावयाचे नव्हते. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचनस्थळ म्हणून मान मिळाला तोही सिंचनासाठीच. तरीही रविवारी तेथे आलेली कुटुंबे काठावर बसून पाण्याकडे पाहात असतात, आणि त्या पाहण्याला कोणी पैसे घेत नाही. निदान अजून घेत नाही. पिकणे नाही, विकणे नाही असे हे काहीतरी तिसरेच, त्याची नोंद कोणत्या खात्यावर करावी हे मला ठरवता येत नाही. ज्या म्हणीला खोटी पाडण्यासाठी मी निघालो होतो ती आता निम्मी खरी वाटू लागली आहे, पण तो निम्मा भाग कोणता हे विचाराल तर सांगता येणार नाही.

आपण या बाजूला येणार असाल तर जरूर यावे. मात्र १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ अशी पाटी दिसली तर आत बसण्यापूर्वी मासा कोठचा, हे एकदा विचारून घ्यावे.