शोरूममध्ये आपलं कोण आहे?

आमच्या परंडा तालुक्यात गाडी घ्यायची म्हटलं की कंपनी कोणती, पेट्रोल की सीएनजी, हे प्रश्न मागून येतात. आधी विचारतात, ‘शोरूममध्ये आपलं कोण आहे?’ सोनारीत बरीच वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी होतो.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. खताच्या, औषधाच्या निमित्तानं पंचक्रोशीतला माणूस दुकानात टेकतो. उसाचं बिल जमा झालं, पोराला नोकरी लागली, की गाडीचा विषय निघतो. सीना-कोळेगाव धरणाचं पाणी आलं, साखर कारखाना आला, ऊस वाढला आणि उसापाठोपाठ दारात चारचाकी आली. खरेदीला जायचं ते बार्शीला, धाराशिवला, नाहीतर सोलापूरला. तिथल्या एका शोरूममधला सेल्समन माझ्या लांबच्या नात्यातला. मी सोबत गेलो की तो खुर्चीतून उठायचा, ‘या अण्णा’ म्हणायचा, चहा सांगायचा, आणि चहा संपेपर्यंत किमतीतून दहा-पंधरा हजार खाली आलेले असायचे. मग नवी गाडी थेट काळभैरवनाथाच्या देवळापुढं. (इथली माकडं नारळ फुटायच्या आत बॉनेटवरचा हार फस्त करतात, म्हणून जाणती माणसं हार पूजेपुरताच बाहेर काढतात.) गाडीवाला चारचौघांत सांगायचा, ‘अण्णा होते म्हणून झालं.’

कमिशन मी घेत नव्हतो. दिवाळीला मिठाईचा डबा आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर, एवढंच यायचं. पण मान मिळायचा, आणि गावात मान काही कमिशनपेक्षा हलका नसतो. ओळखीशिवाय गाडी घेणारा फसतो, असं मी छातीठोकपणे सांगायचो. त्या सांगण्यात माझा स्वार्थ होता, हे वाचणाऱ्यानं आधीच धरून चालावं.

आता मी तसं सांगत नाही. ओळखीनं गाडी स्वस्त मिळते असं मला वाटत नाही. ओळखीनं विचारायचं तेवढं राहून जातं.

याला कारण माझी भाची. पुण्यात नोकरी करते, पहिली गाडी घ्यायची होती. मामाच्या ओळखीनं घे, असा तिच्या आईचा आग्रह, म्हणून आली. सेल्समननं नेहमीप्रमाणे कागदाच्या कोपऱ्यात ऑन-रोडचा एक आकडा लिहिला, त्यावर काट मारली, खाली दुसरा लिहिला आणि माझ्याकडं बघून हसला. पोरगी म्हणाली, ‘यात काय काय धरलंय ते वेगवेगळं लिहून द्या.’

तो म्हणाला, ‘ताई, अण्णा आहेत ना. आपल्यात कशाला लिखापढी?’

मीही म्हणालो, ‘अगं, आपलाच माणूस आहे.’

‘मामा, परका असता तर त्यानं न मागता दिलं असतं.’

तिथं मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. पण तिनं तो कागद मिळवलाच, पुण्यातल्या आणखी दोन शोरूमकडून तसेच कागद मागवले आणि तिन्ही माझ्यापुढं ठेवले. माझ्या माणसानं सूट सगळ्यांत जास्त दिली होती. एकूण रक्कमही त्याचीच सगळ्यांत जास्त होती.

हे कसं होतं ते समजायला मला सांगोल्याचा जनावरांचा बाजार आठवावा लागला. वडिलांबरोबर तिथं बैल घ्यायला जायचो. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालत, बोटं दाबून भाव सांगत, आणि बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नसे. पण तो सौदा एकाच आकड्याचा होता, बैलाचा. बैलाबरोबर कुणी विमा, टेफ्लॉन कोटिंग आणि चार वर्षांची वॉरंटी गळ्यात घालत नव्हतं. गाडीच्या कागदावर सहा-सात आकडे असतात, आणि आपण बैलबाजारातली सवय घेऊन त्यातल्या एकाशीच झुंजत बसतो. बाकीचे बाजूनं निघून जातात.

यातले काही आकडे हलत नाहीत. वाहन कर सरकारचा. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यापुढं १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर २ टक्के जास्त. सीएनजीला १ जुलै २०२५ पासून ८, ९ आणि १० टक्के. इथं ‘साहेबांशी बोलून कमी करतो’ असं कुणी म्हणालं तर तो थापा मारतोय.

विम्याचं मात्र निम्मं हलतं आणि निम्मं हलत नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेत तीन वर्षांसाठी तो १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यावर २४,५९६ रुपये होता, जीएसटी वेगळा. कोणत्याही कंपनीकडं जा, हा भाग तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, ओडी म्हणतात तो, त्यावर मात्र विमा कंपन्या आपापल्या मर्जीनं सूट देतात. शोरूमच्या कागदावर हे दोन्ही मिळून एकच रक्कम असते. भाचीनं तेच विमामूल्य, तीच कव्हरं सांगून बाहेर चौकशी केली. माझ्या ओळखीनं मिळालेली जास्तीची सूट त्या एका ओळीत पूर्ण जिरली होती. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही. इतक्या गाड्यांच्या सौद्यात बसलो, पण हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं. उच्चारणार कसं? समोर ‘या अण्णा’ म्हणणारा बसला होता.

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडं म्हणतात. गाडीच्या सौद्यात ती तीन पदरी असते. घेणारा माझ्या भिडेनं बोलत नाही, कारण अण्णांना वाईट वाटेल. मी सेल्समनच्या भिडेनं बोलत नाही. सेल्समन त्याच्या मालकाच्या भिडेनं बोलत नाही. मग ‘हँडलिंग’ नावाची ओळ कुणीच वाचत नाही. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च, असं त्याचं उत्तर मिळतं. तो सरकारी कर नाही, आणि पावतीवर वेगळा दाखवा म्हटलं की बऱ्याचदा तो गळून पडतो, हे मी अलीकडं डोळ्यांनी बघितलंय.

त्या सेल्समनला मी दुष्ट ठरवणार नाही. नंतर एकदा निवांत बसून तो मोकळं बोलला. पगार बेताचा, महिन्याचं टार्गेट डोक्यावर. नुसत्या गाडीवर शोरूमला फार सुटत नाही, विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि सर्व्हिसिंग यांवर दुकान चालतं. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं हे त्याला शिकवलेलं असतं. ‘अण्णा, तुमची माणसं बरी असतात, सूट मिळाली की खूश होतात,’ असं तो कौतुकानं म्हणाला. ते वाक्य मला अजून टोचतं.

मग आमच्या पिढीनं ओळखीला एवढं का धरून ठेवलं? एके काळी ओळख खरोखर लाखमोलाची होती म्हणून. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पण पुढं परवान्यांच्या राज्यात गाड्या मोजक्याच निघत आणि गिऱ्हाईक रांगेत थांबे. बजाज स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. नंबर लागला की तीच स्कूटर वरकड पैसे घेऊन दुसऱ्याला विकणारेही होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हाही आधी पैसे भरा आणि वाट बघा, असाच प्रकार. तिथं आत आपला माणूस असणं म्हणजे वर्षं वाचणं. १९९३ मध्ये मोटारींच्या उत्पादनावरचा परवाना उठला, कंपन्या आल्या, आणि आता एकदा चौकशी केली तर शोरूमच आठवडाभर फोन करतं. रांग गेली, ओळखीची सवय तेवढी राहिली. चालू मॉडेलला वेटिंग असेल तर आजही ओळख थोडी उपयोगी पडते, नाही असं नाही. पण ती गाडी लवकर मिळण्यासाठी. स्वस्त मिळण्यासाठी नाही.

भाव खरोखर वाकवल्याचं मराठवाड्यातलं ठळक उदाहरण ऑक्टोबर २०१० चं. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या. व्यवहार ६५ कोटींच्या घरातला. स्टेट बँकेनं कर्जाला सवलतीचा दर दिला. तेव्हा आम्ही दुकानात पेपर वाचून ‘पैसेवाल्यांचे चोचले’ म्हणून हसलो होतो. आता मला त्यातलं वेगळं दिसतं. त्या माणसांच्या ओळखी आमच्यापेक्षा नक्कीच मोठ्या असणार, पण भाव करायला त्यांनी मोजणी पुढं केली. इतक्या गाड्या, एकाच वेळी, बोला. आमच्याकडं एकाच हंगामात एकच मॉडेल घेणारे चार-पाच जण सहज निघतात. खत एकत्र मागवलं की वाहतूक वाचते हे त्यांना कळतं. गाडी मात्र जो तो आपापला अण्णा घेऊन एकटा घ्यायला जातो.

ओळवार कागदाचं म्हणाल तर अमेरिकेत १९५८ साली माइक मन्रोनी नावाच्या सिनेटरनं कायदा करून घेतला. नव्या गाडीच्या काचेवर कंपनीची किंमत, जास्तीच्या वस्तूंची किंमत, वाहतुकीचा खर्च असं सगळं ओळवार लिहिलेला कागद डकवायचा. तिथंही लोक घासाघीस करतात, पण कशावर करतोय हे समोर लिहिलेलं असतं. आपल्याकडं बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापलेली असते आणि आठ लाखांच्या गाडीचा हिशेब व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर मिळतो.

जीएसटी कमी झाला तेव्हा हिशेब समोर लिहिलेला नसला की काय होतं याचा पुन्हा प्रत्यय आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह २९ टक्के होता तो १८ वर आला. कराआधीची किंमत ६ लाख धरली तर गाडी ७ लाख ७४ हजारांवरून ७ लाख ८ हजारांवर येते. सरळ ६६ हजारांचा फरक, शिवाय त्या ६६ हजारांवरचा ११ टक्के वाहन करही वाचतो. हे सरकारनं कमी केलेलं. पण त्या दिवाळीत आमच्याकडं कित्येकांना ते शोरूमनं दिलेली सूट म्हणून सांगितलं गेलं, आणि एक जण पेढे घेऊन माझ्या दुकानात आला, ‘अण्णा, तुमच्या माणसानं साठ हजार सोडले!’ पेढा घेतला आणि त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. त्याचं तोंड उतरलं. पूर्वी मी पेढा खाऊन गप्प बसलो असतो.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. गाडी १० लाखांच्या वर असेल तर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. बारा लाखांच्या गाडीला १२ हजार. हा खर्च नाही, आपल्या पॅनवर जमा झालेला आयकर आहे. ज्याचं उत्पन्न निव्वळ शेतीचं आहे आणि ज्याला आयकर लागत नाही, त्याला विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. आमच्या गावात मोठ्या गाड्या घेतलेल्या किती तरी जणांनी ते पैसे तसेच सोडून दिले आहेत.

अजूनही लोक मला बरोबर चला म्हणतात. जातो. पण आधी अट घालतो की दोन वेगवेगळ्या शोरूमची ओळवार कोटेशनं, शिक्क्यासह, माझ्या दुकानात आणून ठेवा, आणि विम्याचा भाव बाहेर विचारून या. निम्मे जण तिथंच नाराज होऊन दुसरा अण्णा शोधतात. जे कागद घेऊन येतात, त्यांच्याबरोबर मी बार्शी, सोलापूर कुठंही यायला तयार आहे.