तांदुल्याच्या पाळीने

कालवा खोदणारा अभियंता उतार फार जपून खर्च करतो. पाणी वाहतं राहिलं पाहिजे आणि काठही खचता कामा नये, इतकाच उतार तो देतो. म्हणून कालव्याच्या पाळीवरची वाट टेकाडाला भिडत नाही, त्याला वळसा घालते, आणि सखल शिवार आलं की भरावावर चढून पुढे जाते. भिलाईच्या दक्षिणेला तांदुला कालव्याच्या पाळीवर सायकल घालणाऱ्याला हे पायांनी कळतं. बालोदच्या दिशेने तो सगळा वेळ पाण्याच्या उलट, म्हणजे चढावरच असतो, पण मांड्यांना त्याचा पत्ता लागत नाही. कळतो तो फक्त टायरखाली कुरकुरणारा मुरूम.

डांबर सोडून कच्च्या वाटेने लांबचा पल्ला गाठायचा, या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग हे नाव गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुळलं. त्यासाठी वाकड्या हँडलच्या, रुंद टायरच्या, महागड्या सायकली निघाल्या. भिलाईला मात्र ही सायकल आधीपासून ठाऊक आहे. पोलाद कारखान्याची शिफ्ट सुटली की फाटकातून २८ इंची काळ्या सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. त्यांतले कित्येक जण टाउनशिपच्या सेक्टरांतले नव्हते. ते शेताच्या बांधावरून, कालव्याच्या पाळीवरून आपल्या गावी परतायचे. त्या सायकलीच्या २८ गुणिले दीड इंची टायरची रुंदी सुमारे ४० मिलिमीटर भरते. आजच्या ग्रॅव्हल सायकलींनाही साधारण तेवढ्याच रुंदीचे टायर घालतात. कच्च्या रस्त्याला काय लागतं, हे कामगाराच्या सायकलीने कधीच सोडवून ठेवलं होतं. आजही पाळीवर समोरून येते ती दुधाचे कॅन लटकवलेली किंवा सरपणाचा भारा बांधलेली तीच सायकल. तिला वाट द्यावी, कारण वाट तिची आहे.

छत्तीसगढच्या शेतकऱ्याने जमिनीला चार नावं दिली आहेत: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. सायकलस्वाराला ही चारही नावं एका सकाळीत पाठ होतात. भाठा म्हणजे उंचावरचं लाल, खडेरी माळरान. पाऊस पडून गेला तरी तासाभरात कोरडं होतं आणि चाक त्यावर खणखणत पळतं. त्याच्या खाली पिवळसर मटासी, भाताची लाडकी. मग डोरसा. आणि सगळ्यांत खोलगटात काळी कन्हार. तिची ओळख विदर्भातल्या माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही; एका सरीनंतर ती चाक आणि फोर्क यांच्यामध्ये अशी दाटून बसते की सायकल खांद्यावर घेऊनच पुढे जावं लागतं. पाळ या चारही जमिनींतून जाते, पण तिच्यावर मुरूम टाकलेला असल्यामुळे चाक अडत नाही. कालवा तपासायला येणाऱ्या सिंचन खात्याच्या माणसांसाठी केलेली ही सोय आहे.

दोन्ही बाजूंना धानाचे बांध आणि बांधांवर बाभळी. बांधावरची बाभूळ इथे मुद्दाम राखली जाते: तिची सावली विरळ असते, पाला जमिनीला लागतो आणि लाकूड नांगराला कामी येतं. ओलाव्याच्या जागी अर्जुन, ज्याला इकडे कौहा म्हणतात. कार्तिकात धान पिवळं पडायला लागतं, तेव्हा त्याच उभ्या पिकात तिवरा फेकून पेरतात. भंडारा-गोंदियाकडची ही लाखोळीच. धान कापलं की खालून तिची निळी-जांभळी फुलं वर येतात आणि कापलेलं शिवार पुन्हा भरून जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या वाटेवर यायचं ते यासाठीच.

कालवा दुष्काळातून आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगढ होरपळलं. पाऊस भरपूर पडणारा हा भाताचा मुलूख, म्हणून सरकारने तोवर इथल्या सिंचनाकडे फारसं पाहिलंच नव्हतं. पण भाताला सप्टेंबरात एक पाणी कमी पडलं तरी दाणा भरत नाही. १९०१ ते १९०३ दरम्यान भारतीय सिंचन आयोग बसला आणि त्यानंतर मध्य प्रांतात मोठ्या धरणांची कामं हाती घेतली गेली. तांदुला आणि सुखा या नद्यांच्या संगमावर बालोदजवळ बांधलेलं मातीचं धरण त्याच लाटेतलं. त्याला शंभर वर्षं उलटून गेली. ज्यांनी टोपल्या वाहून ते उभं केलं त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत; पाळ हीच त्यांची खूण.

धरणाजवळ झलमला गावी गंगामैयाचं देऊळ आहे. गावातल्या तलावात जाळं टाकणाऱ्या केवटाला पुन्हा पुन्हा एक दगड लागायचा आणि तो फेकून द्यायचा. शेवटी कळलं की ती देवीची मूर्ती, अशी कथा सांगतात. नवरात्रात इथे अलोट गर्दी लोटते. कालव्याचं पाणी उन्हाळ्यात गावोगावच्या निस्तारी तलावांत सोडतात. अंघोळ, धुणं, गुरांचं पाणी, सगळं त्या तलावावर चालतं. अशा मुलखात देवी तलावातून वर यावी, हे फार खरं वाटतं.

फ्रान्समधल्या कालव्याकाठच्या सायकलवाटांचं जगभर कौतुक होतं. त्यांतली सर्वांत नावाजलेली तुलूजपासून भूमध्य सागराकडे जाणाऱ्या कनाल द्यू मिदीच्या काठची. मिठाचा कर गोळा करणाऱ्या प्येर-पॉल रिके नावाच्या माणसाने १६६६ मध्ये हा कालवा अंगावर घेतला. सुमारे २४० किलोमीटरचं ते काम १६८१ मध्ये पुरं झालं. रिके त्याच्या काही महिने आधी वारला होता. काठावरची वाट होती नावा ओढणाऱ्या घोड्यांची. एकोणिसाव्या शतकात तिच्यावर प्लेन वृक्षांच्या रांगा लावल्या गेल्या. तुलूजच्या जवळ ती डांबरी आहे, पुढे मातीची आणि मुळांनी उचकटलेली होते, आणि ग्रॅव्हलवाल्यांना तीच आवडते. १९९६ पासून तो कालवा जागतिक वारसा आहे. २००६ पासून एका बुरशीने झाडं मरू लागली, तर हजारो झाडं तोडून नवी लावायचं काम सरकारने काढलं. एका पाळीवर माणसं इतका जीव लावू शकतात, हे तिथून घेण्याजोगं आहे. घोडा गेला, नाव गेली, तरी वाट राखली गेली. तांदुल्याच्या पाळीचं तर मूळ कामही अजून संपलेलं नाही.

वारशाचं म्हणाल तर भिलाईच्या आसपास तो पावलोपावली आहे, फक्त त्याची दवंडी पिटलेली नाही. पूर्वेला चरोद्याजवळ देवबलोद्याचं महादेवाचं देऊळ. कलचुरी काळातलं, तेराव्या शतकाच्या सुमाराचं, वालुकाश्मात घडवलेलं. बाहेरच्या भिंतींवर हत्तींच्या रांगा, शिकारीचे प्रसंग, नाचणारी-वाजवणारी माणसं. आणि वर शिखर नाही. लोक त्याला छमासी देऊळ म्हणतात. शिल्पी रात्री नग्न होऊन काम करायचा आणि त्याची बायको जेवण घेऊन यायची. एका रात्री बायकोऐवजी बहीण आली, लाजेने त्याने शेजारच्या कुंडात उडी घेतली आणि शिखर राहून गेलं, असं सांगतात. कुंड आहे, पाणी आहे, आणि महाशिवरात्रीला जत्रा भरते. मुंबई-हावडा लोहमार्ग इथून जवळच आहे. सकाळी लवकर पोचलं तर गाडीच्या आवाजापलीकडे देवळात कुणी नसतं, आणि पट्टीवरचा एकेक हत्ती निवांत पाहता येतो.

पश्चिमेला शिवनाथच्या अलीकडे दुर्ग. तिथल्या उंचवट्यावर जुन्या मातीच्या किल्ल्याचे अवशेष होते. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने तिथे तळ दिला आणि तिथूनच छत्तीसगढ ताब्यात घेतलं. या उंचवट्यावरून चौफेर मुलूख नजरेत येतो, म्हणून जागा निवडली होती. भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमांमुळे मराठी वाचकाला माहीत आहेत. रतनपूरवर चालून गेले तेही तेच, त्याच सुमारास. घोडदळाला लागते तीच जमीन सायकलीला लागते: कडक, उघडी, पाणी न धरणारी. भाठ्यावरून चाक पळायला लागलं की ती फौज या बाजूने का वळली असेल, हे नकाशा न पाहताही उमगतं.

खरा खजिना मात्र दक्षिणेला, बालोदहून धमतरीकडे जाताना. करकाभाट. भाठ्यावर, झुडपांत, माणसाएवढे आणि त्याहून मोठे दगड उभे रोवलेले आहेत. काही कललेले, काही आडवे. ही लोहयुगातल्या माणसांची दफनं. पुरातत्त्वज्ञ अरुणकुमार शर्मा यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा लोखंडी बाण-भाल्यांची टोकं मिळाली. सोरर, धनोरा, चिरचारी अशा आसपासच्या गावांतही असे दगड आहेत. नागपूरजवळचं जुनापाणी किंवा माहुरझरी पाहिलेल्याला ही माणसं परकी वाटत नाहीत. तिकडे मृताभोवती शिळांचं वर्तुळ, इकडे उभा दगड. हातात लोखंड दोघांच्याही. तिकडच्याच नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० दरम्यान खणलं, तेव्हा लोखंड गाळायची भट्टीच सापडली होती. देशातल्या मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एकापासून सायकलीच्या एका सकाळीच्या अंतरावर, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड वापरणारी माणसं झोपली आहेत. मोटारीतून हा फाटा क्षणात मागे पडतो. सायकलवर आधी डोंगरांची रेघ दिसते, मग जमीन लाल होते, आणि मग दगड येतात. त्या क्रमातच सगळं समजतं.

त्या डोंगरांचं नाव दल्ली-राजहरा. त्यांचा शोध नागपुरात लागला, ही गोष्ट प्रत्येक नागपूरकराला सांगावीशी वाटते. १९०३ मध्ये दोराबजी टाटा चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडाचा नाद सोडून, निराश होऊन नागपूरच्या सचिवालयात आले होते. ज्या अधिकाऱ्याला भेटायचं तो जागेवर नव्हता. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात, अजब बंगल्यात, शिरले. तिथे भूशास्त्राचा एक रंगवलेला नकाशा होता. त्यात दुर्ग भागात लोखंडाच्या खुणेचा गडद रंग दिसत होता. या भागातल्या गावठी लोखंड-भट्ट्यांवर भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्येच लिहून ठेवलं होतं. दोराबजी आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड दल्लीच्या डोंगरांवर चढले, तेव्हा पायांखाली धातू वाजत होता, असं त्यांच्या आठवणींतून आलं आहे. खनिज उत्तम, पण कोळसा फार लांब. पुढच्याच वर्षी बोसांनी मयूरभंजचं लोखंड सुचवलं आणि टाटांचा कारखाना साकचीला गेला.

दल्ली पन्नास वर्षं थांबली. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. खनिज दल्लीचं, चुनखडी नंदिनीची, रेल्वे दाराशी. आणि पाणी? ते दुष्काळाने आधीच आणून ठेवलं होतं. भातासाठी खोदलेल्या तांदुला कालव्यातून पोलादाला पाणी मिळालं. पुढे गोंदली आणि खरखरा ही धरणं त्याला जोडली गेली. भिलाई इथेच का, याचं उत्तर पाळीवर सायकल घातली की पानापानाने उलगडत जातं, आणि शेवटचं पान भिलाईहून नव्वदेक किलोमीटरवर दल्लीच्या लाल धुळीत लागतं.

त्या धुळीत शहीद हॉस्पिटल आहे. जून १९७७ च्या गोळीबारात अकरा कामगार मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ खाणकामगारांनी पैसा गोळा करून, स्वतः राबून १९८३ मध्ये ते उभं केलं. शंकर गुहा नियोगी त्यांचे नेते होते. २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत त्यांची हत्या झाली. इथवर सायकलने येणाऱ्याने देवबलोद्याइतकाच वेळ या इमारतीसमोरही थांबावं.

भिलाईच्या उत्तरेला नंदिनीत चुनखडी संपलेल्या खाणपट्ट्यावर वन विभागाने झाडं लावून नवं जंगल उभं करायला घेतलं आहे. मग दक्षिणेच्या पाळीसाठीही काही करता येईलच. मोठा खर्च नको आणि डांबर तर मुळीच नको. पाळीवर डांबर पडलं की मोटारी येतील आणि दूधवाल्याची वाट जाईल. हवं आहे ते थोडंसं: अंतर सांगणारे दगड, करकाभाटच्या फाट्यावर ठळक पाटी, उभ्या दगडांभोवती मुरूम उपसायला सक्त मनाई, आणि तुटलेल्या कौह्याच्या जागी नवा कौहा. पावसाळ्यात कालवा भरून वाहत असतो तेव्हा पाळीच्या कडेने जायचं नाही, ओली पाळ ढासळते. मार्च-अखेरीस डोंगरापाशी पोचणाऱ्याने पहाटे सायकलवरून उतरून चालावं: वाटेवर मोहाची फुलं पडलेली असतात, त्यांच्यावर कुणाच्या तरी घरचा वर्षाचा खर्च अवलंबून असतो, आणि वेचणाऱ्या बाया सूर्य वर यायच्या आत तिथे पोचलेल्या असतात.