मोबदला

आमच्या जालना रस्त्यावरील गावांत गेल्या काही वर्षांत एका शब्दाला विलक्षण महत्त्व आले आहे. तो शब्द म्हणजे 'मोबदला'. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरात किंवा कोर्टाच्या कागदावर भेटत असे. आता तो चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, इतकेच काय, रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात घोळका करून उभ्या राहिलेल्या मंडळींच्या तोंडीही सहज ऐकू येतो. कोणाला किती मोबदला मिळाला आणि त्याने त्याचे काय केले, हा संभाषणाचा न संपणारा विषय झाला आहे. अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या या शब्दाच्या मुळाशी अदलाबदलीचा अर्थ आहे. एक द्यायचे आणि त्याच्या बदली दुसरे घ्यायचे. घेण्यापूर्वी देणे त्यात गृहीतच आहे. बाजार, गुंतवणूक आणि कष्ट यांविषयी चार शब्द लिहिताना मला हाच धागा हाती धरावासा वाटतो.

शहराच्या पूर्वेस चिकलठाणा ओलांडून करमाडच्या दिशेने निघाले की शेंद्रा लागते. मांगीरबाबाच्या चैत्रातील यात्रेसाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध. जमीन बहुतांश कोरडवाहू. ज्वारी, बाजरी, कापूस ही तिची पिके आणि पाऊस मनाचा राजा. या माळावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पंचतारांकित वसाहत आली. २००१ साली येथे स्कोडाची ऑक्टाव्हिया ही मोटार तयार होऊ लागली. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील शेंद्रा-बिडकीन हे नवे नगर आखले गेले, त्याला 'ऑरिक' असे नाव मिळाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले. ज्या बांधांवरून बैलगाड्या जात, तेथे आज रुंद काँक्रीटचे रस्ते आहेत आणि पहाटेच्या शिफ्टसाठी कामगारांच्या बसेस धावताना दिसतात.

या बदलाचे मूळ १९९१ या वर्षात आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात आपल्या देशाने परवाना पद्धतीचे बहुतेक पाश सोडले आणि परकीय भांडवलाला दार उघडले. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियातील स्कोडा हा सरकारी कारखाना एका जर्मन उद्योगसमूहाशी जोडला गेला. आणि त्याच वर्षाच्या १ मे रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'चेन्तेसिमुस आन्नुस' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ मधील कामगारविषयक विश्वपत्राची ती शताब्दी होती. प्राग, दिल्ली आणि रोम येथे घडलेल्या या तीन घटनांचे पडसाद दहा वर्षांनी आमच्या शेंद्र्याच्या माळावर एकत्र उमटतील, असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

मुक्त बाजारपेठेला सरसकट दूषणे देण्याची आपल्याकडील काही विचारवंतांना सवय आहे. मला ती पटत नाही. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांना आठवत असेल की साध्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्याहून मोठी गोष्ट अशी की, कारखाना काढायचा की नाही, किती माल काढायचा, हे दिल्लीतील फाइल ठरवत असे. आणि फाइल हलेपर्यंत मराठवाड्यातील तरुण मुंबई-पुण्याची वाट धरीत असे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि पुढे शेंद्र्याची वसाहत उभी राहिली, तेव्हा माझ्या शाळेतील कितीतरी मुलांना आयटीआय करून घरी राहून काम करता आले. त्यांच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरील समाधान मी पाहिले आहे. बाजाराने काम दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु काम म्हणजे नेमके काय? माझे वडील १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत. दिवसभराच्या हजेरीचे तुटपुंजे पैसे आणि सुकडी एवढाच त्या कष्टाचा मोबदला होता. पुढे महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि काम मागण्याचा अधिकार मान्य केला, त्याचे बीज त्या भीषण वर्षांत होते. वडील त्या दिवसांविषयी फारसे बोलत नसत. मात्र त्या रस्त्याने एस.टी.तून जाताना ते हटकून खिडकीबाहेर पाहत आणि म्हणत, "ह्यात आपली खडी आहे." मजुरी केव्हाच खर्चून गेली होती, पण त्या रस्त्यावर आपले काही आहे, ही भावना त्यांच्यापाशी अखेरपर्यंत राहिली. मोबदल्याच्या हिशेबात न बसणारे असे काहीतरी कष्टात असते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी तरुणपणी, नाझी अंमलाखालील पोलंडमध्ये, १९४० पासून चार वर्षे क्राकोव्हजवळच्या दगडखाणीत व नंतर रासायनिक कारखान्यात अंगमेहनत केली होती. १९८१ साली त्यांनी मानवी श्रमावर 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे विश्वपत्र लिहिले, तेव्हा त्यात जो विचार मांडला, तो ग्रंथालयात बसून सुचलेला वाटत नाही. कामाची किंमत त्यातून निघालेल्या वस्तूवरून ठरवू नये, ते करणाऱ्या माणसावरून ठरवावी, आणि भांडवलापेक्षा श्रमाचे स्थान आधीचे आहे, असा त्याचा सारांश आहे. माझ्या वडिलांनी ते विश्वपत्र वाचलेले नव्हते. तरीही दगडखाणीतला तो पोलिश तरुण आणि दुष्काळी कामावरचा हा शेतमजूर एकमेकांना समजले असते, असे मला राहून राहून वाटते.

आता मोबदल्याच्या दुसऱ्या रूपाकडे वळू. औद्योगिक मार्गिकेसाठी जमिनी संपादित झाल्या, तेव्हा एकरी २३ लाख रुपये असा दर मिळाला. ज्या कुटुंबाने कधी लाखाची रक्कम एकत्र पाहिली नव्हती, त्याच्या बँक खात्यावर एका दिवसात कोट जमा झाला. काहींनी शहाणपणाने दुसरीकडे जमीन घेतली, काहींनी मुलांना शिकवले, घरे बांधली. काहींच्या दारात महागड्या गाड्या उभ्या राहिल्या. याच शहरातील उद्योजक व व्यावसायिकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या, सुमारे ६५ कोटी रुपयांना, खरेदी करून देशभर नाव गाजवले होते. ते दृश्य गावोगावच्या डोळ्यांत बसले होते, त्याला कोण काय करणार?

आणि मग 'तीस-तीस' आले. भरमसाट परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या या योजनेत बिडकीन, करमाड, पैठण परिसरातील अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा मोबदला ओतला. सुरुवातीचे हप्ते वेळेवर मिळाले, त्यामुळे भावाने भावाला, मेहुण्याने मेहुण्याला ओढले. जानेवारी २०२२ मध्ये बिडकीन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, तोवर कोट्यवधी रुपये अडकले होते. या लोकांना लोभी म्हणून हिणवणे सोपे आहे. मला मात्र त्यांच्यात वेगळेच दुःख दिसते. जमीन गेल्यामुळे त्यांचे काम गेले होते. पहाटे उठून जायचे कुठे, हा प्रश्न होता. पेरणी, कोळपणी, काढणी या नादात आयुष्य गेलेल्या माणसाला कोणीतरी सांगितले की आता तू बस, तुझा पैसा काम करील. मोकळ्या हातांना ते खरे वाटले.

पैसा काम करतो, हे आपण किती सहज बोलून जातो! पैसा काम करीत नाही. पैसा ज्याच्या हाती जातो, तो कोणीतरी माणूस काम करतो. म्हणूनच कोणी परतावा देऊ केला, की एकच प्रश्न विचारावा: हा परतावा कोणाच्या कष्टातून येणार? ज्या योजनेत या प्रश्नाला उत्तर नाही, तेथे परतावा पुढच्या फसणाऱ्या माणसाच्या खिशातून येत असतो.

गुंतवणूक हे पाप नव्हे. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात धन्याने सोपवलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाला बोल लावला जातो. निदान सावकाराकडे ठेवून व्याज तरी मिळवायचे होतेस, असा त्या दृष्टांतातील धन्याचा रोख आहे. आपली बचत दुसऱ्याच्या उद्योगाला देणे, त्याच्या नफ्या-तोट्यात सहभागी होणे आणि धीर धरणे, ही एक प्रकारची सोबतच आहे. जुगाराचे तसे नाही. तेथे माझी कमाई म्हणजे समोरच्याचे नुकसान. शेअर बाजारातील वायदे आणि ऑप्शन यांचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता, असे सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले.

ही आकडेवारी मी माझ्या भाच्यापुढे ठेवली होती. तो फिटर आहे. शेंद्र्यातील एका कारखान्यात सात वर्षे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर काम करतो. त्याच यंत्रावर, त्याच पाळीत, शेजारी उभा राहणाऱ्या कायम कामगाराच्या निम्म्याहून कमी पगार त्याला मिळतो. नोकरी सोडून पूर्ण वेळ ऑप्शनचे व्यवहार करावेत, असे त्याच्या मनात घोळत होते. आकडे ऐकून तो गप्प झाला. त्याने तो विचार सोडला आणि दरमहा म्युच्युअल फंडात थोडी रक्कम टाकू लागला. मला बरे वाटले. परंतु काही महिन्यांनी तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला.

"मामा, तुम्ही म्हणालात, परतावा कोणाच्या कष्टातून येतो ते बघ. मी बघितलं."

शेअर बाजारातील मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती, हेही लिहावे लागते. त्याच्या फंडाने ज्या कंपनीचे शेअर घेतले होते, तिचा अहवाल त्याने उघडला होता. कायम नसलेल्यांच्या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ह्यात मी नाही. पण माझ्यासारखाच कोणीतरी आहे. त्याला कायम केलं तर खर्च वाढेल, नफा घटेल, माझा शेअर उतरेल. मग मी देवाकडे मागू काय? तो कायम व्हावा म्हणून, की होऊ नये म्हणून?"

वाचकहो, एवढा प्रामाणिक प्रश्न मी अर्थशास्त्राच्या एकाही व्याख्यानात ऐकलेला नाही. मी त्याला म्हणालो, "तो कायम व्हावा, हेच माग." तो हसला. "शेअर उतरला तर?" "उतरू दे थोडा. तेवढा तुझा त्याला हातभार." हे उत्तर त्याला पुरेसे वाटले असे मी म्हणणार नाही. त्याच्या घरी दोन लहान मुले आहेत, आणि हातभाराची अपेक्षा नेहमी त्याच्यासारख्यांकडूनच का करायची, हा त्याचा पुढचा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.

तरीही त्या दिशेने काही पावले टाकता येतात. २०२२ पासून म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या सर्व ठरावांवर मत देणे सेबीने बंधनकारक केले आहे आणि ते मत जाहीर करावे लागते. म्हणजे लहान बचतदाराच्या पैशाच्या बळावर कोणीतरी मोठ्या सभेत हात वर करीत असतो. तो कशासाठी वर झाला, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पैसा कुठे गुंतवायचा, ही निवड नेहमीच नैतिक असते, असे १९९१ च्या विश्वपत्रात म्हटले आहे. त्याच विश्वपत्रात नफ्याचे योग्य स्थान मान्य केले आहे, पण उद्योगाच्या आरोग्याचे ते एकमेव लक्षण मानलेले नाही. हिशेबाच्या वह्या नेटक्या असताना माणसे तुडवली जाऊ शकतात, याची जाणीव तेथे करून दिली आहे.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दृष्टांत आपण दरवर्षी ऐकतो. दिवस मावळायला आलेला असतानाही धनी चौकात जातो आणि रिकाम्या उभ्या असलेल्यांना विचारतो, तुम्ही इथे का थांबलात? कोणी आम्हांला कामाला लावले नाही, एवढेच ते सांगतात. आमच्या शहरातील कोणत्याही मजूर अड्ड्यावर सकाळी दहानंतर हेच उत्तर मिळेल. त्या धन्याने तासाभराच्या कामाला पूर्ण दिवसाची मजुरी दिली, यावर आपण बहुधा दयेच्या अंगाने प्रवचने ऐकतो. मला त्यात धन्याचा हिशेबही दिसतो. शेवटी आलेल्या माणसाच्या घरीही संध्याकाळी चूल पेटणार असते, आणि ती चूल त्याने मजुरीच्या हिशेबात धरली.

शेंद्र्याचे कारखाने वाढोत, त्यांत भांडवल येवो, आमच्या मुलांनी बचत करावी आणि शहाणपणाने गुंतवावी. या कशालाही माझा विरोध नाही. परंतु मोबदला या शब्दाची घेण्याची बाजू मोजताना देण्याची बाजू कोणी मोजली का, हे आपण एकमेकांना विचारीत राहिले पाहिजे: जमीन देणाऱ्याला, घाम देणाऱ्याला आणि पैसा देणाऱ्यालाही. माझा भाचा अजून कंत्राटी हजेरीपटावरच आहे. दरमहा त्याचे पैसे फंडात जातात, आणि अहवाल आला की तो आधी तो रकाना उघडून पाहतो.