सामायिकात लॅपटॉप



सामायिकाच्या ४८ मिनिटांत मन कुठे कुठे भटकतं, ते तुम्हाला काय सांगायचं. माझं मात्र गेले दोन महिने एकाच ठिकाणी जाऊन बसतंय. पुण्यातल्या एका मोठ्या कॉम्प्युटर दुकानाच्या सर्व्हिस काउंटरवर. नाव लिहीत नाही, शाखा पुष्कळ आहेत त्यांच्या.

दुकानाच्या हिशेबासाठी लॅपटॉप घेतला होता. आमच्या काष्टीच्या बाजारात बैल घेणारा आधी दात बघतो, चार पावलं चालवून बघतो, मग पैसे मोजतो. इथे सीलबंद खोकं! वर जादा वॉरंटीही गळ्यात मारली. "मॅडम, काही झालं तरी आम्ही आहोत." अकराव्या महिन्यात स्क्रीन काळी पडली. दौंडला गाडी बदलून हे पुण्याला गेले, तर म्हणे आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, बोर्डाचे ९,५०० पडतील. अहो, आमच्याकडे चौविहार! सूर्यास्तानंतर टेबलावर पाण्याचा ग्लाससुद्धा नसतो. हे मी फोनवर त्या मुलाला सांगितलं. तो हसलासुद्धा नाही.

पैसे भरले. तिसऱ्या खेपेला लॅपटॉप मिळाला, सुरू झाला, आणि आत काहीच नाही. फॉरमॅट मारला होता. स्क्रीन काळी होती, डिस्कला हात लावायचं काय काम होतं? जॉबशीटवर बारीक अक्षरात छापलेलं दाखवलं: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. विचारलंसुद्धा नाही.

जीएसटीचे आकडे सीएकडे होते, ते निभावलं. पण सासूबाई सकाळी स्तवनं म्हणायच्या, ती मी गुपचूप रेकॉर्ड केली होती. त्या गेल्यावर जुना फोन बंद पडला, म्हणून सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. दुसरी कॉपी ठेवली नाही, ही चूक माझीच. हार्ड डिस्क असेल तर फॉरमॅटनंतरही कधी कधी फाइली निघतात, फक्त तिच्यावर नवीन काही साठवायचं नाही. आमच्यात एसएसडी आहे, तिथे ती आशा फार कमी.

हे म्हणतात, संवत्सरी जवळ आलीय, मिच्छामि दुक्कडं म्हण आणि सोडून दे. काउंटरवरच्या मुलाला मी केव्हाच माफ केलंय, तो बिचारा पगारी माणूस. दुकानाला नाही सोडणार. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मला पुणं नको, नगरलाच जाईन. (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून व्हायचीय.) खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. मुदत २ वर्षांची. बिल, वॉरंटीचा कागद, तिन्ही जॉबशीट, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, सगळं एका पिशवीत घातलंय. तुम्हीही असे कागद फेकू नका गं.

काल जुना फोन घेऊन दौंडच्या मोबाइलवाल्याकडे गेले. उघडून बघितला, चार्जिंगचा भाग गेलाय म्हणाला, बाकी बघतो. ठेवून घेतलाय त्याने. शनिवारी बोलावलंय.