कप लहान आहे, काळजी नको

माझ्या डोळ्याची नस छान आहे, असं मला दर वर्षी सांगितलं जायचं. डॉक्टर बदलले, दवाखाने बदलले, कौतुक तेच राहिलं. मीही खूश होऊन बाहेर पडायचो. ते आठवलं की अजून डोकं तापतं.

बाबांची नजर काचबिंदूनं गेली. मिरजेला दाखवलं तोवर उशीर झाला होता. घराण्यात काचबिंदू असला की मुलांनी डोळे तपासत राहायचं, हे तेव्हाच कळलं, म्हणून चाळिशीपासून मी नेमानं जायचो. थेंब घालायचे, बाहुली मोठी व्हायची, डॉक्टर भिंगातून आत बघायचे. नस डोळ्यात शिरते तिथं एक गोल चकती दिसते आणि तिच्या मध्यभागी खोलगट भाग असतो, त्याला कप म्हणतात. काचबिंदूत नसेचे तंतू मरत जातात तसा हा कप रुंदावतो. चकतीच्या मानानं कप केवढा, तो सीडी रेशो. बाबांचा ०.९ होता. माझा ०.१. ‘कप अगदी लहान आहे, काळजी नको.’ झालं, पुढच्या वर्षी या.

एका सकाळी दाढी करताना उजव्या डोळ्यात साबण गेला. तो मिटून डाव्यानं आरशात बघितलं तर कपाळ दिसतंय, नाक दिसतंय, त्याखाली काही नाही. काळं नव्हे, करडं. दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता. आडवी रेघ मारून खालचा अर्धा भाग कुणी पुसून टाकावा तसं झालं होतं. माझा धंदा वायरिंगचा, उभा जन्म शिडीवर गेला. शिडीवरच्या माणसाला खालचंच नीट दिसावं लागतं.

नेत्रतज्ज्ञ बाई तरुण होत्या. त्यांनी आधी डोळ्याविषयी काही विचारलंच नाही. ‘काका, चावताना जबडा दुखतो का? केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते का?’ बायको माझ्याकडे बघायला लागली. रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा एक आजार असतो, त्यात दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो, म्हणून तो आधी बाजूला काढावा लागतो. ईएसआर, सीआरपी नॉर्मल आले. मग त्यांनी डावा डोळा तपासला, नस सुजलेली होती. आणि नंतर बराच वेळ त्या चांगला उजवा डोळा बघत बसल्या. डाव्यात सुजेमुळं कप दिसत नव्हता, म्हणून मुळात रचना कशी होती हे उजव्यावरून ताडायचं होतं.

‘तुमचा कप फारच लहान आहे,’ त्या म्हणाल्या. मी सवयीनं हसलो.

मग त्यांनी समजावलं. नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि ते सगळे डोळ्याच्या मागच्या भिंतीतल्या जेमतेम दीड मिलिमीटरच्या भोकातून बाहेर पडतात. भोक ऐसपैस असलं की तंतू कडेनं जातात आणि मधे जागा उरते. ती मोकळी जागा म्हणजे कप. माझं भोक जन्मतःच अरुंद, म्हणून तंतू दाटीवाटीनं बसलेले आणि मधे मोकळी जागाच नाही. रक्तपुरवठा कमी पडला की तंतू सुजतात, सुजायला जागा नसते, मग ते एकमेकांना आणि बारीक रक्तवाहिन्यांना दाबतात, रक्त आणखी कमी पडतं. मला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पाऊण इंची पाइपात वायरी कोंबल्या की काय होतं, हे मी पोरांना ओरडून सांगत आलोय.

म्हणजे बघा. काचबिंदूच्या हिशेबानं जी गोष्ट उत्तम, तीच या दुखण्याच्या हिशेबानं धोक्याची. इंग्रजी पुस्तकांत अशा चकतीला सरळ ‘डिस्क अ‍ॅट रिस्क’ म्हणतात. एवढं ठरलेलं नाव असताना इतक्या वर्षांत एकालाही ते माझ्यासमोर उच्चारावंसं वाटलं नाही? बघितलं सगळ्यांनी, मोजलं सगळ्यांनी, कागदावर लिहिलंसुद्धा. पण त्यांना बाबांचा रोग शोधायचा होता, तो सापडला नाही, फाइल बंद. पेशंट विचारतो तेवढंच बघायचं, ही कुठली पद्धत? घर बघायला बोलावलेल्या वायरमननं पंख्याचा प्लग तपासावा आणि मीटरजवळ जळका वास येत असताना निघून जावं, असं मी केलं असतं तर गिऱ्हाईकानं मला उभं केलं नसतं. दोन रात्री मी जुने कागद काढून बसलो. सगळीकडे ०.१, एका ठिकाणी शेजारी इंग्रजीत ‘गुड’.

मी बाईंना विचारलं, वाट मोठी करता येत नाही का? त्या म्हणाल्या, तसलं करून झालंय. नसेभोवतीचं आवरण चिरून दाब कमी करायची शस्त्रक्रिया अमेरिकेत होत असे. तिची रीतसर चाचणी झाली, १९९५ साली निकाल छापून आला. शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी २४ टक्के लोकांची नजर आणखी बरीच घसरली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत १२ टक्के लोकांची. उलट काही न करता ४३ टक्के लोकांना तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त दिसायला लागल्या. मी त्या ४३मधला नाही. दुसरा डोळा पाच वर्षांत जाण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के.

मग राहिलं रात्रीचं. झोपेत रक्तदाब आधीच उतरतो. आयोवा विद्यापीठातले डॉ. सोहनसिंग हेरे, मूळचे पंजाबचे, यांनी नसेच्या रक्तपुरवठ्यावर जन्म घालवला. त्यांचं म्हणणं असं, की झोपताना घेतलेल्या बीपीच्या गोळीनं दाब फार खाली जातो आणि बरेच रुग्ण सकाळी उठल्यावर डोळा गेल्याचं सांगतात ते त्यामुळं. सगळ्यांना ते पटत नाही. माझी गोळी रात्रीचीच होती. बाई म्हणाल्या सकाळी घ्या. फिजिशियन म्हणाले, ‘डोळ्याच्या डॉक्टरांनी डोळे बघावेत.’ दोघांच्या मधे मी, हातात चिठ्ठ्या. शेवटी चोवीस तास दाब मोजणारं यंत्र दंडाला बांधून रात्रीचे आकडे आणून टेबलावर ठेवले, तेव्हा गोळी सकाळी गेली. तुमच्या घरी असं भांडण लागलं तर आधी आकडे आणा. घोरणाऱ्यांनी झोपेची तपासणीही करून घ्या. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. मी आता नाकावर मास्क लावून झोपतो, बायकोला माझ्यापेक्षा शांत झोप लागते. वजन उतरवायला सेमाग्लुटाइड घेणारा मित्र विचारत होता, त्यानंही असं होतं म्हणे? युरोपातल्या औषध नियामकानं २०२५ मध्ये ते मान्य केलंय, पण दहा हजारांत फार तर एक. त्याला म्हटलं, डॉक्टरांना विचार, परस्पर बंद करू नको.

गेल्या महिन्यात अक्काला घेऊन गेलो. तीही काचबिंदूच्या भीतीनं तपासून घेते, शिवाय मला बघायचं होतं. बाईंनी दोन्ही डोळे बघितले. ‘अक्का, तुमचेही कप लहान आहेत.’

‘म्हणजे चांगलंच ना?’ अक्का म्हणाली.

बाई म्हणाल्या, ‘काचबिंदूच्या दृष्टीनं चांगलं, पण...’

‘चांगलं आहे,’ मी मधेच म्हणालो.

का म्हणालो? इतकी लहान चकती असलेले लोक पुष्कळ असतात, आणि पन्नाशीपुढच्या लाखात वर्षाला दोन ते दहा जणांनाच हे होतं, असं अमेरिकेतले आकडे सांगतात. अक्का तर शेजारणीच्या खोकल्यानं रात्र जागवणारी बाई. तिला नुसत्या जन्मजात रचनेची भीती द्यायची आणि उपाय कुठला सांगायचा? मला आधी कळलं असतं तर मी तरी काय केलं असतं? गोळीची वेळ बदलली असती, कदाचित. कदाचित तरीही डोळा गेला असता. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि अक्काला नेमकं काय ते दोन वाक्यांत सांगितलंच. त्यांचं बरोबर होतं. मला मात्र राग आला.

बाहेर आल्यावर मी अक्काला म्हटलं, बीपीची गोळी रात्री घेतेस ती सकाळी घेता येईल का, विचार डॉक्टरांना. ती म्हणाली, सकाळी देवपूजा, डबे, त्यात राहून जाते. रात्री मालिका संपली की आठवण होते. अजून रात्रीच घेते.